दोन जिल्ह्यांमधली नदी

महिन्यापूर्वी सकाळी चेन्नईच्या टोकाकडल्या तांबरमहून मामीचा फोन आला. तिच्या दक्षिणी मराठीत एवढंच म्हणाली, "मामा उठत नाहींत. तू ये." शहरातल्या तिरुवल्लिकेणीहून निघालो खरा, पण काय झालं ते वाटेतच कळून चुकलं होतं.

मामांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. नकाशात चूक दाखवणाऱ्याला ते कॉफी पाजत, आणि चूक खरंच निघाली तर दोन दिवस फुरंगटून बसत. त्यांचा एकुलता एक मुलगा श्रीधर खाणीतली यंत्रं बसवायला सैबेरियात गेला, लेना नदीच्या एका उपनदीकाठी. तिथे रस्ते नाहीत. हिवाळ्यात गोठलेली नदी हाच रस्ता, उन्हाळ्यात होड्या, आणि मधे बर्फ फुटतो ते काही आठवडे काहीच नाही. चार वर्षांपूर्वी बर्फ फुटायच्या बेतात असताना श्रीधरचा ट्रक नदीत गेला. देह मिळाला नाही.

नदीच्या दोन काठांना दोन जिल्हे. अपघात पलीकडच्या हद्दीत झाला, असं दोन्ही कचेऱ्यांचं म्हणणं. मामांनी शब्दकोश समोर ठेवून रशियनमध्ये पत्रं लिहिली, कुठली वस्ती कुठल्या कचेरीखाली येते ते पाठ केलं. एकदा म्हणाले, "पोरांना सांगत आलो, नदी म्हणजे नैसर्गिक सीमा. सीमेवरच माणूस पडला तर तो कोणाचा, ते पुस्तकात नव्हतं..."

आमच्यात बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहतात, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. मामा त्या बारा वर्षांना धरून राहिले. मी मोठा शहाणा. म्हटलं, ट्रक बुडताना लोकांनी पाहिलाय, आता उरकून टाका. सहा महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. त्या 'उरकून'ची मला अजून लाज वाटते.

मामांचे दिवस मीच केले. पहिल्या दिवशी शास्त्रींनी रीतीप्रमाणे विचारलं, मुलगा आहे का? मी 'नाही' म्हणणार, तोच भिंतीला टेकून बसलेली मामी बोलली. या मामीला नकाशात चेन्नईसुद्धा सापडत नाही.

"अहे," ती म्हणाली. "तिकडे आत्ता बर्फ फुटतोय. यायला वाट नाहीं."

शास्त्री माझ्याकडे वळले. मी दर्भाचं पवित्रक बोटात घातलं आणि म्हणालो, "मुलाच्या वतीने करतोय. सांगा."