रेवतीच्या मनगटाचा रंग

रेवती गेल्याचा तिच्या आईचा फोन आला, तेव्हा देवनहळ्ळीजवळच्या स्टुडिओत मी एका मालिकेच्या गोऱ्या नायिकेला काळी करत होतो. डेंगीनं पाच दिवसांत नेलं पोरीला. मी फोन ठेवला आणि तिचा उरलेला अर्धा चेहरा रंगवून पुरा केला. हात थांबला नाही, याची आजही लाज वाटते.

मी रंगभूषाकार. रेवती भेटली ती याच मालिकेच्या निवडीच्या वेळी. रंगामुळं लग्न मोडलेल्या मुलीची गोष्ट, आणि ही सावळी... सावळी कशाला, चांगली काळी होती! तिनं संवाद म्हटले तेव्हा लाइटवालेसुद्धा काम थांबवून ऐकत राहिले. भूमिका मात्र मुंबईच्या गोऱ्यापान मुलीला मिळाली. रेवतीला काम दिलं, दिवे लावून होईपर्यंत नायिकेच्या जागी उभं राहायचं. दुसरं काम माझ्या डोक्यातून निघालं. रोज सकाळी तिच्या मनगटावर रंग लावून बघायचा, जुळला की नायिकेला फासायचा.

"अण्णा, माझा रंग चालतो, मग मी का नाही हो?" एकदा तिनं हसत विचारलं. मग हळूच म्हणाली, "दिग्दर्शक तुमचं ऐकतात. एकदा सांगून बघा ना."

"सांगतो," म्हणालो. आठ महिने रोज तिचं मनगट हातात धरलं, पण सांगितलं नाही. नायिका रुसेल, वाईटपणा कुणी घ्यायचा... कारणं मला भरपूर सुचायची. ती बाही वर करून हात पुढं करत राहिली. पुढं तिनं विचारणंही सोडलं.

तेराव्याला त्यांच्या मारतहळ्ळीच्या घरी गेलो. हार घातलेल्या फोटोतली मुलगी क्षणभर ओळखूच येईना. गोरी, गुलाबी गालांची.

"फोटोवाल्याकडून स्वल्प उजळ करून घेतला, अण्णा," आई म्हणाली. "जन्मभर ऐकून घेतलं हो तिनं. आता तरी..."

मी मान हलवली. त्या गोऱ्या फोटोलाच फूल वाहिलं.

आजारी पडायच्या आदल्या आठवड्यात तिच्या मनगटाशी जुळवून मी डबीभर रंग करून ठेवला होता. झाकणावर तिनंच थट्टेनं स्वतःचं नाव लिहिलं होतं. तिचा खरा रंग आता तेवढाच उरलाय, त्या डबीच्या तळाशी. मालिका चालू आहे. रोज सकाळी मी त्यातला बोटभर घेतो आणि दुसरीच्या गालाला फासतो.