खड्डा ज्याचा, माती त्याची

पाचोडच्या बाजारात मेथीच्या जुडीवरून घासाघीस करत होते, तेवढ्यात मामांचा फोन आला. मामा म्हणजे माझ्या सुमनआत्याचे यजमान. ते स्वतःहून कधी फोन करत नाहीत, तेव्हाच जुडी खाली ठेवली. "गेली गं तुझी आत्या..." एवढंच बोलले. सव्वा महिना होत आला, अजून मेथी घेतलेली नाही.

आत्या भांडखोर होती, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाला उगाच देव करायची आमच्यात खोड आहे. पडेगावला तिच्या दारापुढं माझ्या भावाच्या लग्नाचा मांडव होता. लग्न उरकल्यावर मांडववाले बल्ल्या, म्हणजे मांडवाचे रोवलेले खांब, उपटून टेम्पोत घालू लागले, तर ही बया फावडं घेऊन टेम्पोपुढं उभी! "आधी खड्डे बुजवा, मग जा." मांडववाला हसला, "आत्याबाई, पाऊस पडला की बुजतेत आपोआप." झालं! "पाऊस काय तुमचा गडी हाय व्हय?" आम्ही सगळे पोट धरून हसलो. मामा तेवढे मान खाली घालून आत गेले.

का गेले, ते पुढं एकदा शेंगा फोडता फोडता आत्यानंच सांगितलं. मामा तेव्हा गुजरातेत खनिज तेलाच्या विहिरी खोदायच्या कामावर होते, आत्याही तिकडंच राहायची. खोदताना निघणारा तेलकट गाळ एका खड्ड्यात साठवायचे. एका पावसाळ्यात त्या खड्ड्याचा बांध फुटला आणि सगळी घाण शेजारच्या रमीलाबेनच्या वांग्याच्या वावरात शिरली. कंपनी म्हणाली, ठेकेदाराचं काम. ठेकेदार म्हणाला, पावसाचं. बांध ठेंगणाच ठेवला होता हे मामांना पक्कं ठाऊक, पण बढती तोंडावर आलेली, म्हणून तेही पावसाचंच नाव घेऊ लागले. चौकशीच्या आदल्या दिवशी आत्यानं त्याच वावरातली वांगी आणून भरली आणि ताटात वाढली. रॉकेलचा भपकारा! म्हणाली, "खावा की. पावसाचीच हायेत नं?"

दुसऱ्या दिवशी मामांनी चौकशीत खरं सांगितलं. कंपनीला गाळ उचलावा लागला, नवी माती टाकावी लागली, रमीलाबेनला भरपाई द्यावी लागली. मामांची बढती गेली ती गेलीच.

"मग वावर सुधरलं का गं?" मी विचारलं.

"नाय. लई वर्षं गवत सुदीक धड आलं नाय. पण केलं कुणी, ते तरी ठरलं. न्हाईतर त्या बाईनं कुणाकडं बघून भांडायचं? आभाळाकडं?"

तेलाच्या विहिरींनी केलेलं नुकसान कुणी भरायचं, यावर हल्ली पेपरात रकानेच्या रकाने येतात. मला वाचताना आत्या दिसते, टेम्पोपुढं, पदर खोचून... फार आठवण येते तिची.

तेराव्याला त्याच दारात मांडव घातला. जेवणं झाली, मांडववाले बल्ल्या काढून निघून गेले. त्यांना अडवणारी नव्हती. आभाळ भरून आलं होतं. मामांनी दारामागचं तिचं फावडं काढलं आणि गुडघे धरत खाली उतरले. मी म्हटलं, "मामा, राहू द्या, उद्या कुणालातरी लावू."

"मांडव माझ्या दारचा," ते म्हणाले, "खड्डे बी माझेच."

एकेक खड्डा भरला, पायानं दाबला. पहिले थेंब पडायला लागले तेव्हा फावडं धुऊन त्यांनी दारामागं त्याच्या जागेवर ठेवलं, आणि रिकाम्या घरात बघून हळूच म्हणाले, "बुजिवले गं."