समोर बस गो बाय

लूमबुवा स्वतःचं गाणं कधी ऐकत नसत, बघत. हळदीच्या मांडवात सगळ्यांची तोंडं गाणारणींकडे असायची आणि बुवा आपली लाल प्लास्टिकची खुर्ची उलटी फिरवून बाकीच्या बायकांकडे बघत बसायचे. नवख्या पाहुण्यांना ते विचित्र वाटे. एकदा एका व्याह्यांनी तर तक्रारही केली, की हा म्हातारा आमच्या बायकांकडे टक लावून काय बघतो? बुवा त्यांच्या बायकांकडे नाही, बायकांच्या ओठांकडे बघत होते. मागे बसलेली एखादी आजी गाण्याबरोबर पुटपुटायला लागली की ते समाधानाने मान हलवायचे. "ओठ हललं की गाना लागला," एवढीच त्यांची परीक्षा.

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर तेवढं होतं. तीस वर्षं भिवंडीत पॉवरलूमच्या कारखान्यात कापड काढलं म्हणून लूम, आणि हळदीची गाणी रचायचे म्हणून बुवा. अकलोलीच्या अलीकडे आमचं गाव. बुवा एसटीने ड्युटीला जायचे आणि येताना बसमध्येच एखादं कडवं जुळवून आणायचे. चालीचं कौतुक केलं तर म्हणायचे, "चाल माजी न्हाय गो, शेठच्या लूमची हाय. मी नुसतं शब्द बसवले." लिहायचा त्यांना कंटाळा आणि मला अक्षराची हौस, म्हणून त्यांच्या गाण्यांची वही माझ्याकडे आली. मी गावातली अंगणवाडीची बाई. मला ते 'बाय' म्हणत. मूलबाळ नव्हतं त्यांना, काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, लवकर गेल्या, त्यामुळे त्या हाकेत काय काय असायचं ते मला कळायचं.

कडवं कापताना मात्र ते दयामाया दाखवत नसत. एका गाण्यात त्यांनी थंडीत अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर चढणाऱ्या वाफेबद्दल सुंदर चार ओळी घातल्या होत्या. मला त्या फार आवडल्या होत्या. मांडवात गाणं तिथे आल्यावर मागे बसलेल्या शेवंताआत्याचे ओठ थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळीच बुवा वही मागायला दारात हजर. "आत्याला जड गेला. धागा तुटला तिथं," म्हणाले आणि माझ्याच पेनाने त्यांनी त्या चार ओळींवर काट मारली. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी अंगणातले जांभ आणून दिले, पण ओळी काही परत दिल्या नाहीत.

गाण्यात ते स्वतःचं नावही घालत नसत. "पोरीच्या हलदीत माजा काय काम?" म्हणायचे. त्यामुळे पुढे पुढे त्यांची गाणी लोकांना पूर्वापार चालत आलेलीच वाटायला लागली. सगळ्यांना पाठ असलेलं गाणं हे:

हलद लावा गो पोरीला,
बाप उभा हाय दाराला,
तोंडानं हसतो, डोल्यानं रडतो,
कुनी बघू नका त्याला.

लूमच्या खडखडाटाने बुवांचे कान हळूहळू गेले. कारखाना बंद पडला तेव्हा उजवा पूर्ण गेला होता, डाव्यात थोडी धुगधुगी होती; वर्षभरात तीही गेली. एका शिबिरात कानाचं यंत्र मिळालं, ते त्यांनी फडताळात ठेवून दिलं. मग आम्ही सगळे गावकरी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायला लागलो. माझा आवाज अंगणवाडीतल्या पोरांवर कमावलेला, त्यामुळे मी तर जरा जास्तच. बुवा खांद्याला धरून मला पुढे ओढायचे. "कानात काय वराडतेस? समोर बस गो बाय, समोर." आम्हाला वाटायचं, एकटा माणूस आहे, तोंडं बघायची भूक असेल. मी दोन वाक्यं समोर बसून बोलायची आणि विसरून पुन्हा कानाशी जायची.

त्याच सुमारास आमच्याकडच्या हळदीत डीजे शिरला. टेम्पोएवढे स्पीकर आले, पोरं नाचायला लागली आणि गाणाऱ्या बायका भांडी घासायच्या बाजूला जाऊन बसल्या. बुवांना आमंत्रण असायचं, खुर्चीही असायची. पहिल्यांदा डीजे वाजला तेव्हा त्यांनी मला विचारलं, "कुठला गाना लावलाय गो?" त्या चेहऱ्याकडे बघून खरं सांगायचं मला धाडस झालं नाही. मी कानाशी वाकून ओरडले, "तुमचंच, बुवा!"

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी तेच पुन्हा म्हटलं. ते हसले आणि खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरला.

मग ते खोटं माझ्या अंगवळणीच पडलं. चार वर्षं बुवांनी गावातली एकही हळद चुकवली नाही. ते विचारायचे, मी सांगायची, ते ताल धरायचे. त्यांचा ताल डीजेच्या तालाशी कधीच जुळायचा नाही. मला तो बघवत नसे, मी दुसरीकडे बघायची. बहिऱ्या माणसाला आपण ढळढळीत फसवतोय, ही टोचणी होतीच. पण सांगून करायचं काय होतं? तुमची गाणी आता कोणी गात नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा मी पेज घेऊन जायची. एका दुपारी त्यांनी विचारलं, "गातात ना गो अजून?" मी त्या वेळी अगदी समोर होते. म्हटलं, "गातात की." त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग माझा हात थोपटून म्हणाले, "बरा हाय, बरा हाय." त्यानंतर आठवड्याभरात ते गेले.

त्यांच्या अखेरच्या हिवाळ्यात सायमा त्यांच्याकडे येऊन गेली होती. सायमा म्हणजे त्यांच्या कारखान्याच्या शेठची नात, माहितीपट बनवते. बुवा गेल्यावर ती मला भेटायला आली. म्हणाली, "ताई, उनके गानों का एक प्रोग्राम करते हैं. मी त्याची फिल्म करते. बुवांचं शूटिंग माझ्याकडे आहे, ते मध्ये मध्ये घालू." मी वही तिच्यापुढे ठेवली. माझ्या मनात एकच होतं, की आपण इतकी वर्षं बोललो ते निदान एकदा तरी खरं व्हावं. सहा गावं फिरले. भांडी घासायला बसलेल्या बायकांना शोधून काढलं, तालमी घेतल्या. वज्रेश्वरीच्या मैदानावर चाळीस बायका उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासमोर मी बुवांची लाल खुर्ची ठेवली. त्या दिवशी वाटलं, चला, फिटलं.

फिल्म दाखवली ती बुवांच्याच कारखान्यात. लूम केव्हाच भंगारात गेले होते. रिकाम्या शेडमध्ये सतरंज्या टाकल्या होत्या आणि भिंतीला पांढरं कापड लावलं होतं. सायमा माझ्या शेजारी बसली. सुरू व्हायच्या आधी म्हणाली, "ताई, एक हिस्सा मैं काटने वाली थी. मग वाटलं, तो कापायचा मला हक्क नाही."

पहिली तीन गाणी झाली आणि पडद्यावर बुवा आले. ओटीवर बसलेले, अंगात राखाडी स्वेटर. सायमा समोरून विचारत होती, आवाज न चढवता, आणि बुवा फटाफट उत्तरं देत होते. मी चमकले. बुवा सांगत होते, "तुज्या आज्याच्या कारखान्यात शंभर लूम. कुनाला काय आयकू येनार? तीस वरसं आमी एकमेकांचे ओठ बघूनच बोललो. आमच्यातला कुनीबी सांगंल. समोरचा माणूस काय बोलतो ते मना दिसतं."

सायमाने विचारलं, "तो फिर हल्दी में क्या बजता है, वो भी पता चलता होगा?"

"चलता हाय ना. पोरं गातात, ओठ दिसतात. माजा एकबी शब्द नसतो त्यात. पन ती अंगणवाडीची बाय हाय ना, ती सांगते तुमचाच गाना हाय. कानात वराडून सांगते बिचारी. इतक्या मायेनं खोटा बोलते, तिला कसा सांगू? मंग मी आपला ताल धरतो. तिला बरा वाटतं." आणि कॅमेऱ्याकडे बोट करून म्हणाले, "मी हाय तोवर बोलू नको तिला."

शेडमध्ये सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला आधी रागच आला. चार वर्षं हे सोंग? मग तो राग कुठल्या कुठे गेला. मला वाटत होतं, मी त्यांना एका दुःखापासून वाचवलं. ते दुःख तर पहिल्या हळदीपासून त्यांच्याजवळ होतं. मी मात्र त्यांना ते कोणापाशी बोलून दाखवायचीही सोय ठेवली नव्हती. शेवटच्या दुपारीही माझ्या ओठांवरचं खोटं त्यांनी नीट वाचलं आणि वर माझाच हात थोपटला. मी एकदा जरी समोर बसून "बुवा, नाही गात हो आता कोणी" म्हटलं असतं, तर दोघं मिळून रडलो असतो.

पडद्यावर मैदान आलं. चाळीस बायका, पुढे ती रिकामी खुर्ची. 'हलद लावा गो पोरीला' सुरू झालं आणि सतरंजीवरच्या बायकाही बरोबर गायला लागल्या. शेवंताआत्या आता नव्वदीला टेकलीय, तिचेही ओठ हलत होते. 'तोंडानं हसतो, डोल्यानं रडतो'पाशी मी गायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. नुसते ओठ हलत राहिले. बुवांना तेवढं पुरलं असतं. फक्त समोर खुर्ची टाकून बसायला ते हवे होते.