साडेतीन रुपयांची खोली

हिंगोलीतल्या एकूण एक घरात आडवा झालेला माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे कचेरीतले घरपट्टीवाले, ज्यांना सगळं गाव काका म्हणे. निजामाच्या अमदानीतली शेवटची वर्षं ती. घराला भाडं किती येईल ते अजमावायचं आणि त्यावरून पट्टी बसवायची, एवढंच त्यांचं काम. बाकीचे कारकून उंबऱ्यातूनच आकडा टाकत. काका मात्र टोपी काढून, उपरण्याची उशी करून भाडेकरूसारखे जमिनीवर पडत आणि डोळे मिटून घेत. घरातली माणसं श्वास रोखून उभी. शेजारचं लेकरू रडलं तर भाडं उतरायचं, वारा आला तर चढायचं. एका अडत्याच्या माडीवर त्यांना ढेकूण चावले, तर तिथल्या तिथे आठ आणे कमी झाले. चहा ते कुठेच घेत नसत. "भाडेकरूला कोन चहा देतंय?" म्हणायचे.

एकदा ते माझ्यादेखत आमच्या विधवा आत्याकडे आले. मोंढ्यात धान्य निवडून ती पोट भरायची. पट्टी थकली की भांडी जप्त होत. काका मागच्या खोलीत पडले, कडुलिंबाखालून झुळूक आली आणि हा माणूस चक्क घोरू लागला. आत्या पदर चावत उभी. तासाभराने उठून त्यांनी तृप्त चेहऱ्याने त्या एका खोलीचं भाडं लिहिलं, महिना साडेतीन रुपये. ते उपरणं विहिरीत फेकून द्यावं असं मला वाटलं.

आठवड्याने आत्या मला घेऊन कचेरीत गेली. "साहेब, येवढं भाडं देनारा मानूस दाखवा. न्हाई तर आकडा खोडा."

लिहिलेलं खोडणं काकांच्या जिवावर यायचं. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "आकडा बराबर हाय. मानूस आनतो."

दुसऱ्या दिवशी दारात बैलगाडी थांबली. तीत एक ट्रंक, पाटा-वरवंटा, रागाने लाल झालेल्या काकू आणि भाडेकरू म्हणून स्वतः काका. तेव्हापासून दर महिन्याला साडेतीन रुपये आत्याच्या हातात पडत, त्यातूनच ती पट्टी भरी.

काही वर्षांनी त्याच खोलीत, दुपारच्या झोपेतच काका गेले. काकू माहेरी गेल्या. पाठोपाठ राज्यही बदललं. नवा कारकून फीत घेऊन आला, खोली मोजली आणि म्हणाला, दोन रुपये पुष्कळ झाले. आत्याने सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. पण तिने दार अडवलं.

"साडेतीनच लिवा," ती म्हणाली. "त्यायनं झोपून पाह्यलं होतं."

कारकून गोंधळून माझ्याकडे बघू लागला. मी होकाराची मान हलवली.