जीप भरत नसते

केशव जोशींच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी चालली, मग दोन पिढ्या कारकुनी, आणि मग केशव. देवगाव रंगारीतली ओळखीची माणसं त्यांच्या वडिलांना विचारायची, "पोरगं काय करतं हो?" वडील क्षणभर आभाळाकडं बघायचे आणि म्हणायचे, "संभाजीनगरात असतो." एवढ्यावर ते थांबायचे. मुलगा फोनमधले खेळ तयार करतो, हे सांगण्यापेक्षा तो पत्ते कुटतो असं सांगणं त्यांना सोपं गेलं असतं.

ते दिवस बटणांच्या फोनचे होते. सिडकोत एका झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्यांची कंपनी होती. तिथं केशवनं 'चला कन्नड' हा खेळ केला. देवगावहून जीप निघते, वाटेत माणसं हात करतात, त्यांना घेऊन कन्नडचा बाजार गाठायचा, इतकंच. पडदा काडेपेटीएवढा. त्यात एक माणूस म्हणजे बारा ठिपके उंच आणि सहा ठिपके रुंद. सात माणसं बसली की जीपमधली जागा संपायची. आठवा आला की पाचचं बटण दाबायचं. मग खालून अक्षरं यायची, 'सरका!' आणि बसलेला प्रत्येक जण एकेक ठिपका बारीक व्हायचा. आठव्याला जागा.

खेळ विकणाऱ्या पुण्याच्या कंपनीनं तो तपासला आणि कळवलं, 'मोठी चूक आहे. जीप भरतच नाही.' माणसांची कमाल संख्या लिहायची राहून गेली होती. केशवनं प्रामाणिकपणे उत्तर धाडलं, 'जीप भरत नसते.' तो देवगावचा. जीपला कमाल असते हे त्याच्या डोक्यात यायलाच जागा नव्हती. चूक तशीच राहिली आणि तिच्यामुळंच खेळ चालला. कॉलेजातली पोरं शेवटपर्यंत माणसं कोंबायची. शेवटी आत नुसते रंगीत पट्टे उरायचे, गोधडीसारखे, आणि जीप कन्नडला पोचायची.

पुढं केशव सर झाले. वीस वर्षं त्यांनी पोरांना खेळ करायला शिकवलं. त्यांची पोरं पुण्यात, हैदराबादेत मोठ्या पदांवर गेली. दिवाळीला त्यांचे फोन येतात, "सर, तुमची 'सरका'वाली गोष्ट आजही मीटिंगमध्ये सांगतो." सर "छान, छान" म्हणतात आणि फोन ठेवून गुडघ्याला तेल लावतात. आपण ज्याला पाया म्हणतो त्यावर लोक उभे राहतात, हे त्यांना मान्य होतं. फक्त पायाला कोणी विचारत नाही, की बाबा, दुखतं का?

आता त्यांचीच विद्यार्थिनी मृण्मयी 'चला कन्नड' नव्या फोनवर आणणार होती. सरांचा होकार लागत होता. अडचण एकच होती. तिच्या कंपनीचा ऋतुराज म्हणत होता, सात जागांनंतर कुलूप. आठवा माणूस घ्यायचा तर आधी जाहिरात बघायची.

"सर, आजकाल असंच असतं," मृण्मयी चौथ्यांदा म्हणाली.

"असतं ना," सर म्हणाले. भांडायचंही एक वय असतं, आणि ते त्यांनी शिकवण्यात घालवलं होतं. आज होकार देऊन मोकळं व्हायचं, असं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं.

मृण्मयीला खऱ्या वाटेचे फोटो हवे होते, म्हणून दोघं देवगावला आली होती. गाडी तिथंच सोडून ती कन्नडच्या जीपमध्ये बसली. बाजाराचा दिवस होता.

"दादा, कधी निघणार?" मृण्मयीनं विचारलं.

"निघालोच की ताई," ड्रायव्हर सांडू म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

तो आला तेव्हा आत अकरा माणसं होती, मेथीची दोन गाठोडी होती आणि एक कोंबडी होती. मृण्मयीची बॅग मांडीवर, त्यावर कोणाचा तरी डबा. जीप हलली आणि शंभर पावलांवर पुन्हा थांबली. रस्त्याच्या कडेला एक म्हातारी डोक्यावर टोपली घेऊन हात करत होती.

"दादा, आता भरली ना!" मृण्मयी कळवळली.

सांडूनं मागं वळून पाहिलं. त्याला प्रश्नच कळला नव्हता. "जीप कुठं भरत असती व्हय, ताई?"

केशव सरांनी खिडकीबाहेर बघितलं. हसू दिसलं तर पोरीला राग येईल.

"ये, आवडाबाई," सांडू म्हणाला. "सरका मंडळी, जराजरा."

कोणी कुरकुरलं, कोणी पाय उचलला, कोणी पोट आवळलं. दरवाजाशी बसलेला माणूस म्हणाला, "मावशे, लई जाड झालीस." आवडाबाई म्हणाली, "तुझ्या घरचं खाते व्हय रं?" आणि जीप हसली. मृण्मयीनंही आपलं कोपर आत घेतलं. आवडाबाई अर्धी बाकावर, अर्धी मृण्मयीवर बसली. टोपली सरांच्या पायावर.

"बस बाई, तू नीट बस," आवडाबाई तिला म्हणाली. जणू आवडाबाईनंच मृण्मयीला जागा दिली होती.

कन्नड आलं. उतरल्यावर मृण्मयीनं ऋतुराजला फोन लावला.

"कुलूप नको. सर नाही म्हणाले."

सरांनी चमकून पाहिलं. "मी कधी नाही म्हणालो?"

"मग म्हणा ना," तिनं फोन पुढं केला.

सरांचा एक पाय पार बधिर झाला होता. त्यांनी एका हातानं जीपचा दांडा धरला.

"नाही," ते फोनात म्हणाले.

पलीकडून ऋतुराज बराच वेळ बोलला. मग "बघू" म्हणाला. 'बघू' म्हणजे खेळ बहुधा येत नाही, हे वीस वर्षांच्या अनुभवानं सरांना कळलं. मृण्मयीलाही कळलं असावं, कारण तिनं फोन पर्समध्ये खोल टाकला.

"वाईट वाटतंय, सर?"

"पायाला मुंग्या आल्यात. त्या गेल्या की सांगतो."

परतीच्या जीपमध्ये कोणीच नव्हतं. सगळा बाक मोकळा होता. तरी दोघं सवयीनं कोपऱ्यात चिकटून बसली.

"निघालोच," सांडू म्हणाला आणि चहा प्यायला गेला.