गाडी येईपर्यंत

सर कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावायचे. दाराची कडी असो, फ्रिज असो, नाहीतर चहाचा कप. बोटांची मागची बाजू हळूच टेकवायची, जरा थांबायचं आणि मगच सरळ हातानं धरायचं. उभा जन्म इलेक्ट्रिकल शिकवण्यात गेलेला. तळहातानं धरलं आणि आत करंट असला तर मूठ आवळते, सुटत नाही. उलटा हात मात्र झटक्यासरशी बाजूला फेकला जातो. हे ते मुलांना पहिल्याच तासाला सांगत. पण चहाच्या कपाला कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सवय हाय मॅडम. चटका बसल्यावर कप बी सुटतोच की."

नोकरी हातापायांत उतरलेला असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमचे सर त्यातले. शिरूरच्या बाजूला आमचं डिप्लोमाचं कॉलेज आहे. वर्कशॉपवर पत्रे, मैदानात बाभळी, पण फी अशी की शेतमजुराच्या घरातलं पोरही दारातून परत जाऊ नये. मी तिथं गणित शिकवते आणि दौंडहून ये-जा करते. अब्बा रेल्वेत होते, त्यामुळे वेळेवर न येणाऱ्या गाड्यांचा मला मनापासून राग आहे. एसटीचा जरा जास्तच.

निकाल लागले की आम्हा शिक्षकांना गावोगाव पाठवतात. मुलं मिळवून आणा. मला हे काम कधीच आवडलं नाही. उन्हात पारावर उभं राहायचं, कमी फी, शिष्यवृत्ती, सवलती, सगळं पोपटासारखं म्हणायचं, आणि समोरच्या माणसानं तंबाखू मळत "बघू की" म्हणायचं. सर यातलं काहीच बोलत नसत. ते पालकाशेजारी बसत आणि विचारत, "तुमच्या गावाला सांजची गाडी कितीला?" मला वाटायचं, हे काय विचारणं झालं. एकदा मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "फी माफ होती हो मॅडम. रस्ता माफ होत न्हाई."

पुढे हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की मीटिंगमध्ये त्यांनी घसा खाकरला की मीच ते पुरं करायची.

आता ती वडगाव रासाईची गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय सर कळायचे नाहीत.

त्या गावची एक मुलगी मैत्रिणीबरोबर कॉलेजात चौकशी करून गेली होती. सारिका नाव. बारावी सायन्स झालेली. अशांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तिनं इलेक्ट्रिकलची लॅब खिडकीतून निरखून पाहिली आणि सरांना विचारलं, "नदीवरच्या मोटारी सारख्या का जळत्यात सर?" सर खूश झाले. पण मुलगी परत आली नाही, फोनही लागेना, आणि प्रवेशाची मुदत संपत आली. सर म्हणाले, "जाऊन येऊ. तुमी बी चला मॅडम. बाईमाणूस संगं असलं की लोक घरात घेत्यात."

लोकांनी आम्हाला घरात घेतलं. जरा जास्तच घेतलं.

अंगणात सडा, ओसरीवर नवी सतरंजी. सारिकाचे वडील, त्यांना सगळे आप्पा म्हणत, इस्त्रीचे कपडे घालून दारातच उभे. "या, या. शिरूरकडूनच ना?" सर म्हणाले, "व्हय." पाय धुवायला पाणी आलं, पाण्यामागून पोहे आले, पोह्यांमागून ट्रे घेऊन सारिका आली. साडीत, डोक्यावर पदर, नजर जमिनीवर. कॉलेजच्या खिडकीला नाक लावून उभी राहिलेली मुलगी हीच का, असं मला वाटलं. सरांचं मात्र पोह्यांत लक्ष. त्यांनी ताटलीला उलटा हात लावला, मग घास घेतला आणि नेहमीसारखी सुरुवात केली. "बारावीला गणितात किती पडलं?"

सारिकानं मार्क सांगितले. आप्पांनी मान हलवली. हल्लीचे पाहुणे गणितही विचारतात, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असावं.

"आन् फिजिक्स?"

तेही सांगितलं. "रोज लांब जायाची तयारी हाय का?" सरांनी विचारलं, आणि आतून कुणीतरी बाई पदराआड हसली.

मग सारिकाची आजी माझ्याजवळ सरकली. माझ्या हातावर साखर ठेवत म्हणाली, "तुमी मुलाच्या कोण म्हनायच्या?"

"मी गणिताची," मी म्हटलं.

आजी विचारात पडली. असं नातं तिनं ऐकलेलं नव्हतं. "आन् आडनाव काय तुमचं?"

"शेख."

साखरेची वाटी जागच्या जागी थांबली. आजीनं आप्पांकडं पाहिलं, आप्पांनी सरांकडं पाहिलं आणि सरांनी माझ्याकडं. मला तेव्हा सगळं लख्ख समजलं आणि हसू आवरेना. मध्यस्थानं शिरूरकडची माणसं मुलगी बघायला येणार असा निरोप दिलेला होता, आणि त्यांच्या आधी आम्ही जाऊन पोहे खाल्ले होते.

"म्हंजी तुमी बघाया आलाच न्हाई?" आजी म्हणाली.

"बघायाच आलोय आजी," सर म्हणाले, "पर कॉलेजसाठी."

मोठ्यानं पहिली हसली ती सारिका. पदर मागं पडला आणि खिडकीतली मुलगी पुन्हा दिसली. आप्पांना मात्र हसू आलं नाही. खरे पाहुणे अजून यायचेच होते, आणि परक्या माणसांपुढं मुलीला उभं केल्याची लाज त्यांच्या चेहऱ्यावर होती. दुसरा कुणी असता तर माफी मागून उठला असता. मी पर्स उचललीही होती. सर बसून राहिले. पोहे संपवले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आप्पा, खाल्लंय तर बोलून जातो. पोरगी हुशार हाय. तुमाला नको का वाटतंय? फीचं हाय का?"

"फीचं न्हाई हो सर. तेवढं मी करीन." आप्पा उंबऱ्यावर बसले. आवाज उतरला होता. "रस्त्याचं हाय. तुमचं कॉलेज सुटतंय पाचला. आमची गाडी येती कवा सहाला, कवा सातला. हिवाळ्यात तवर अंधार. फाट्यावर टपऱ्या, पोरांची टोळकी. तिथं तिचं कोण हाय?"

"मी हाय," सर म्हणाले.

"तुमी आज म्हनताय."

"रोज म्हनतो. पोरगी गाडीत बसस्तवर मी फाट्यावर उभा. ज्या दिवशी मी नसंन, त्या दिवशी सकाळीच फोन करीन. त्या दिवशी धाडू नका."

आप्पा उंबऱ्यावरून उठले. मग त्यांनी मुलीला विचारलं, "तुला काय पायजे?" हा प्रश्न त्या दिवशी त्या घरात प्रथमच विचारला गेला असावा. सारिका म्हणाली, "मला शिकायचंय आप्पा. मोटारीचं." दुपारी खरे पाहुणे आले, त्यांना आप्पांनी दोन वर्षं थांबायला सांगितलं. ते थांबले नाहीत, त्यांनी दुसरी मुलगी केली, आणि कुणाचंच काही अडलं नाही.

मला वाटलं होतं, सर आठवडाभर उभे राहतील. पालकांसमोर आपण सगळेच काहीबाही कबूल करतो. पण कॉलेज सुटलं की सर वर्कशॉपला कुलूप घालत आणि मुलींच्या मागून दहा-वीस पावलं अंतर ठेवून फाट्यावर जात. तिथं पंक्चरच्या दुकानापाशी उभे राहत. मुलींशी बोलत नसत, त्यांच्याकडं बघतही नसत. पाठ मुलींकडं, तोंड टपऱ्यांकडं.

"सर, राखण करताय आणि बघता भलतीकडेच," मी चिडवलं.

सरांच्या घरी एके काळी मेंढरं होती. वडील कळप घेऊन गावोगाव फिरलेले. ते म्हणाले, "माझा बाप कवाच मेंढरांकडं बघत नसायचा. मेंढरांत काय बघायचं? लांडगा भायरनं येतो."

लांडगे फार आले नाहीत, हे सांगायला हवं. टपरीवरची पोरं सुरुवातीला शिट्ट्या मारायची. सर जाऊन त्यांच्याच बाकड्यावर बसले आणि त्यांच्या मोबाइलचे चार्जर दुरुस्त करून देऊ लागले. महिन्याभरात त्यातले दोघं आयटीआयचं विचारायला कॉलेजात आले. कंडक्टरही सरांना ओळखू लागले. गाडी थांबली की एक जण दारातूनच म्हणायचा, "सर, माल मोजून घेतला हां." सर हात वर करायचे आणि मगच घराकडं वळायचे.

यापायी घरी बोलणी बसायची. मुलाच्या साखरपुड्याला सर पोचले तेव्हा साखर वाटून झाली होती. सुनेकडची मंडळी रुसली. सरांच्या बायकोनं मला फोनवर सांगितलं, "यांना म्हनावं, घरात बी एक फाटा हाय."

एकदा सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ठरल्याप्रमाणे त्यांनी सकाळी आप्पांना फोन केला, "आज मी न्हाई, धाडू नका." पण सारिकाची त्या दिवशी प्रॅक्टिकल परीक्षा. ती वडिलांशी भांडून आली, आणि आप्पांनी ते सरांच्या घरी फोनवर कळवलं. संध्याकाळी मी माझ्या गाडीची वाट बघत फाट्यावरच होते. एक रिक्षा येऊन थांबली. आतून सर उतरले, डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि मागून त्यांची बायको, तोंडाचा पट्टा चालू. सर नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले. मी रागावले. "सर, डॉक्टरांनी वाऱ्यात जाऊ नका म्हटलं असेल ना?"

"एका डोळ्यानं बी दिसतंय मॅडम," ते म्हणाले. सारिका त्या दिवशी गाडीत चढताना रडत होती. मलाही भरून आलं, पण मी ते एसटीच्या धुरावर ढकललं.

हळूहळू निमोण्याच्या मुली आल्या, आणखी कुठल्या कुठल्या वाड्यांवरच्या आल्या. कुणी जाहिरात केली नव्हती. आप्पा लग्नकार्यात, बाजारात सांगत सुटले होते, "तिथं एक मास्तर हाय, गाडी येस्तवर उभा ऱ्हातो." आमचा इलेक्ट्रिकलचा वर्ग, ज्यात एकेकाळी मुलगी शोधावी लागायची, तिथं मुलींचा अख्खा बाक झाला, मग दोन झाले. शिष्यवृत्तीचे मोठाले फलक मी वर्षानुवर्षं रस्त्यावर लावून पाहिलेत. त्यांच्यानं हे झालं नव्हतं.

सारिका पास झाली. कुरकुंभच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागली. आप्पा पेढे घेऊन आले आणि पहिला सरांच्या हातावर ठेवला. सरांनी पेढा हातात धरून पहिली चौकशी केली ती पगाराची नाही. "कंपनीची गाडी दारात येती का?" येते म्हटल्यावर पेढा तोंडात टाकला.

सर रिटायर झाले, तरी संध्याकाळी फाट्यावर येत राहिले. "घरी बसून करू काय," म्हणायचे. गेल्या दिवाळीनंतर एका पहाटे छातीत दुखू लागलं आणि दवाखान्यात पोचायच्या आत सर गेले. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं माझा हात धरला आणि विचारलं, "पोरींचं आता कसं?" स्वतःचं कसं, हे तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात दोन-तीन पालकांचे फोन आले. फाट्यावर आता कोण असतं? एका वडिलांनी मुलीला घरीच ठेवलं. मी प्राचार्यांना सांगितलं. ते म्हणाले, शिक्षकांच्या पाळ्या लावू. पाळ्या लागल्या आणि जे व्हायचं तेच झालं. एकाला क्लास होता, एकाच्या मुलाला ताप होता. मी उभी राहायची, पण दौंडची माझी गाडी आधी येते, आणि ती सोडली की मला घरी पोचायला रात्र होते. तरी एका संध्याकाळी मी ती सोडली. मनात सरांवरच राग होता. असली सवय लावून कशाला गेलात, असं त्यांना विचारावंसं वाटत होतं.

पंक्चरच्या दुकानापाशी एक मोटारसायकल उभी होती. तिला दुधाचा कॅन बांधलेला. शेजारी आप्पा. टोपी काढून त्यांनी घाम पुसला आणि मला पाहून जरा गडबडले.

"आप्पा, इकडे कुठं?"

"डेअरीला आलतो," ते म्हणाले. "दूध घालाया."

वडगावची डेअरी त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, ती मी पाहिलेली होती. आमच्या फाट्यावर डेअरी नाही. गाडीची वाट बघणाऱ्या एका मुलीनं सांगितलं, काका सोमवारपासून रोज असतात. आप्पांची स्वतःची मुलगी केव्हाच कंपनीच्या गाडीनं जाऊ-येऊ लागली होती. इथल्या गाडीशी त्यांचा आता काही संबंध उरलेला नव्हता.

"उद्याही येणार का दूध घालायला?" मी विचारलं.

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मुलींकडंही पाहिलं नाही. टपऱ्यांकडं तोंड करून ते म्हणाले, "म्हशी हायत तवर यावंच लागंल की मॅडम."