खंडेनवमीचा पाना

आमच्या घरात भांडण तोंडाने सुरू होतं, पण तोंडाने संपत नाही. बाप तापट आणि मी त्याचीच लेक. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझा नोकरीचा ऑनलाइन पेपर होता. कितीतरी अर्जांनंतर आलेलं ते पहिलं बोलावणं. सणाच्या दोन दिवसांत कॉम्प्युटर लावलाच नव्हता. लावला तेव्हा पेपरला अर्धा तास उरला होता आणि इंटरनेट नव्हतं.

पिंप्राळ्यातल्या आमच्या घरात वर आम्ही राहतो, खाली मोठे काका, म्हणजे आबा. वाटणी झाल्यापासून दोघा भावांचं बोलणं बंद. वाटायच्या राहिल्या त्या दोनच गोष्टी. एक, आजोबांची बोअरच्या मोटारी बसवायची हत्यारं. खंडेनवमीला दोघं ती मिळून पुजतात, मुक्यानेच. दुसरं इंटरनेट. त्याचा डबा, म्हणजे राउटर, आबांच्या खोलीत, तोही पूजेत असतो. तिथून वायर वर आणलेली.

मी वायर काढून घातली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काही उपयोग नाही. मग एक कागद छापायला पाठवला, कारण प्रिंटरही खाली त्याच डब्याला जोडलेला. खालून त्याची घरघर ऐकू आली. म्हणजे वायर ठणठणीत होती. सगळं डब्यापर्यंत जात होतं, पुढे जात नव्हतं. माझं डोकं फिरलं.

"आबांनीच तोडलंय," मी म्हणाले, बापाला ऐकू जाईल असं.

जिन्याखाली हत्यारं पुजून मांडलेली होती. बापाने उतरता उतरता पाना उचलला आणि आबांच्या खोलीत शिरला.

"मन्ही पोरना पेपर शे. काबं तोडं नेट?"

"मी हात नई लावा," आबा म्हणाले आणि बापाने पाना हाणला. कपाळ फुटलं. आबांनी बापाची मान धरून त्याचं तोंड भिंतीवर आपटलं. भिंतीवर रक्त, फरशीवर बापाचा दात. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू.

त्यांना ओलांडून मी डब्याकडे गेले. इंटरनेटचा दिवा लाल होता. मागच्या बारीक छिद्राच्या कडेला कुंकू लागलेलं, आतलं कुणीतरी टोचून काढलेलं. त्या छिद्रात रीसेटचं बटण असतं. ते दाबलं गेलं की घरातल्या घरात सगळं चालतं, पण डब्यात भरून दिलेली माहिती पुसली जाते आणि बाहेरचा रस्ता बंद होतो.

"इथे कुणी टोचलं?"

आबा कपाळावर टॉवेल दाबून खाली बसले होते. बापाकडे बघत म्हणाले, "तूच ना रे. पूजाना दिवशे कुकू काढाले टाचणी घाली व्हती."

बापाच्या हातातून पाना पडला.

आमच्या मोबाइलला घरात रेंज नसते, आबांच्या असते. एक जिना उतरून मागायला आमची जीभ रेटली नव्हती. आबांनी रक्ताच्या हाताने खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला.

"ह्याना वर लाव, पोरी. पैले पेपर दे. दवाखाना काई पयी जात नई."

तो मोबाइल जवळ ठेवून, त्याचं नेट कॉम्प्युटरला जोडून मी वर बसले. ते दोघंही मागोमाग आले, नेट लागलं का बघायला. कॅमेरा सुरू झाला आणि पडद्यावर पहिली सूचना आली, खोलीत दुसरं कोणी नको. मी मागे वळले. दोघं भाऊ उंबऱ्याबाहेर सरकले, आणि आबांच्या कपाळावरचा टॉवेल बापाने दाबून धरला होता.